एर्सीलियाआत्या दार उघडत नाही

रविवारी सकाळी इलारिओने आपल्याच घराच्या दाराची कुलपं मोजली. चार भरली. तुरुंगात जायला तो याच दारातून बाहेर पडला होता तेव्हा एकच होतं, आणि तेही दिवसाउजेडी कुणी लावत नसे.

"आत्या, माझ्या कोठडीला एकच कुलूप आहे गं," तो म्हणाला. "आणि तेसुद्धा सकाळी साडेसातला उघडतात ते संध्याकाळपर्यंत उघडंच असतं."

"असणारच," एर्सीलियाआत्या म्हणाली. "तुमच्याकडचे चोर सगळे आत आहेत. आमच्याकडचे अजून मोकळे हिंडतायत, त्यांचं काय करू?"

नोर्माला हसू आलं, पण ते तिने ऑलिव्हच्या परातीकडे बघत गिळून टाकलं. भावाच्या विनोदाला हसायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. तरी तो काल सकाळी आल्यापासून ती हसलीही नव्हती. शंभर हिरवी ऑलिव्हं, एकेकाची बी काढून आत खिमा भरायचा, मग पावाच्या चुऱ्यात घोळून तळायची. हे काम एरवी घरात सगळे मिळून गप्पा मारत करायचे. आज नोर्मा एकटीच भरत होती आणि गप्पा आत्या मारत होती.

आज झेनोबाबांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्यासाठीच इलारिओला दोन दिवसांची रजा मिळाली होती, चार वर्षांतली पहिली. रजेचा कागद आत्याने फ्रिजवर संत आंतोनिओच्या चित्राशेजारी लावून ठेवला होता. शनिवार सकाळी दहापासून रविवार संध्याकाळी सहापर्यंत. मुक्काम, कातडीवाल्यांची गल्ली, घर क्रमांक चौदा. घर सोडायचं नाही. काराबिनिएरी पोलीस कुठल्याही वेळी येऊन बघून जातील, आणि कैदी जागेवर सापडला नाही तर तसा अहवाल न्यायाधीशांकडे जाईल.

न्यायाधीशांकडे अहवाल जाणं या घराला परवडणारं नव्हतं. तीन आठवड्यांनी सुनावणी होती. तीत सगळं नीट झालं असतं तर इलारिओ उरलेली दोन वर्षं दिवसा बाहेर काम करून फक्त झोपायला तुरुंगात गेला असता. त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या. एक, निर्विघ्न पार पडलेली रजा. दुसरी, 'याला मी कामावर घेते' असं लिहून सही केलेला कागद. अख्ख्या मोंतेवेरानो गावात तसं लिहून देण्यासारखं एकच माणूस होतं, आणि ते माणूस ऑलिव्ह भरत होतं.

गाउटे अंगणातून खुर्च्या घेऊन आत आला. नोर्माचा नवरा वीस वर्षांपूर्वी नॉर्वेहून बूट विकत घ्यायला आला होता आणि बुटांबरोबर कारखानदारीणही घेऊन परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. तो इथेच राहिला.

"वकिलाचा फोन आला होता," तो हळूच म्हणाला. "सहीचं काय, म्हणून विचारत होता."

"रविवारी फोन करतो का वकील?"

"नोर्मा."

"मी त्याला जेवायला घातलं. अंथरूण घातलं. आणखी काय हवंय?"

"आमच्याकडे कैदी आत जातानाच विचारतात, बाहेर आल्यावर राहणार कुठे, काम काय करणार. मग जागा रिकामी झाली की अमुक तारखेला या, म्हणून पत्र पाठवतात. माझ्या मावसभावाला आलं होतं. गेला बिचारा आपली गाडी घेऊन, आणि फाटकावर विचारलं, गाडी कुठे लावू?"

"तुमच्याकडे गुन्हेगारसुद्धा वेळेवर पोचतात, माहीत आहे मला. आमच्याकडे रेमिजिओ आहे."

रेमिजिओ म्हणजे शेजारच्या बुटांच्या गोदामाचा म्हातारा राखणदार. किनाऱ्यावरच्या टोळीला तयार मालाची गोदामं कुठली आणि राखणदार कधी फेरी मारतो हे इलारिओने सांगितलं होतं. चोरीच्या रात्री रेमिजिओ चोरांच्या मागे धावला, पायऱ्यांवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. आता तो रोज सकाळी काठी टेकत चौदा नंबरच्या दारावरून जायचा आणि नोर्माला टोपी काढून नमस्कार करायचा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. तो नमस्कार मात्र रोज नव्याने टोचायचा.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना गज बसले ते त्या रात्रीनंतरच. आत्याची कुलपंही तेव्हाचीच. गंमत अशी की कुलपं ज्याच्यामुळे आली त्याला रजा मिळावी म्हणून न्यायाधीशांना दोन पत्रं लिहिणारीही तीच. यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलंच नाही. चोर ते चोर, आणि इलारिओ तो आपला इलारिओ.

*

साडेबाराला ऑलिव्हं तळून झाली आणि नोर्मा पुरुषांना बोलवायला गेली. घरात त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. गाउटे अंगणात उरलेल्या खुर्च्या पुसत होता. त्याने मानेनेच मागे खूण केली. कारखान्यातून पॉलिशच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

रविवारी यंत्र? नोर्मा अंगण ओलांडून गेली.

झेनोबाबा दाराजवळच्या तिपाईवर हाताची घडी घालून बसले होते. कालपासून त्यांनी मुलाशी 'मीठ दे' याच्यापलीकडे एक शब्द काढला नव्हता. आत्ताही बोलत नव्हतेच. पण ज्या बाकावर ते स्वतः पन्नास वर्षं बसले, त्या बाकावर इलारिओ बसला होता. मांडीवर कातडं, हातात बाबांची रापी, आणि तो कातड्याची कड तासत होता. एकेक झिलपी कागदासारखी सुटून खाली पडत होती.

नोर्मा दारातच उभी राहिली. पोरगा पंधरा वर्षांचा असताना बाबांनी त्याला या बाकावर बसवायला काय काय नाही केलं! रागावले, लालूच दाखवली, एकदा तर दाराला कडी घातली, तर हा खिडकीतून पळाला.

"कुठे शिकलास?" तिने विचारलं.

"आतच. तिथे चपला-बुटांचं वर्कशॉप आहे. फाब्रियानो गावचा एक म्हातारा मास्तर येतो आठवड्यातून तीनदा."

"बाबांनी वीस वर्षं डोकं फोडलं तेव्हा नाही शिकलास."

"इथे खिडकी होती ना," इलारिओ म्हणाला.

या खेपेला तिला हसू आवरलं नाही. ते लपवायला ती पुढे वाकली आणि कड बोटांत धरून बघितली.

"जाड ठेवलीयस."

"पावसातला बूट आहे, नोर्मा. याहून पातळ केली तर टाक्यांना पहिल्याच पाण्यात फाटेल."

बरोबर होतं. ते बरोबर होतं याचा तिला राग आला, आणि रागाच्या खाली भलतंच काहीतरी वाटलं. तिने बाबांकडे बघितलं. त्यांनी कामात चूक काढली नव्हती. आणि झेनो वाल्लोरानी ज्या कामात चूक काढत नाहीत ते काम चांगलं असतं, हे कातडीवाल्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

ती बोलवायला आली होती, पण तिथेच पाव तास रेंगाळली. यंत्र चालूच होतं. समोरच्या दाराची घंटा इथे ऐकू येण्याची काही सोय नव्हती.

*

विंचिसग्रास्सीचा, म्हणजे खिम्याच्या थरांच्या पास्त्याचा, मोठा ट्रे टेबलावर आला. वरची कड खरपूस झालेली, सगळ्या थरांतून वाफ निघतेय. झेनोबाबांनी वाइन ओतली. आत्याने पहिला तुकडा भावाच्या ताटात वाढला, दुसरा इलारिओच्या, आणि मग डाव तसाच हातात धरून जाहीर केलं:

"आज मी दोन चोर पळवून लावले."

"कधी?" गाउटेने विचारलं.

"तुम्ही सगळे मागे होतात ना, तेव्हा. घंटा वाजली. दारातल्या भिंगातून बघते तर काय, काराबिनिएरीच्या वेषात दोघं. एक पोरगा, एक बाई. आणि बाईच्या नखांना रंग! मी मनात म्हटलं, ये बाई, बरी सापडलीस."

फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये पोलीस ठाण्याचे प्रमुख, म्हणजे मारेशाल्लो, यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी भाषण दिलं होतं. काराबिनिएरी असल्याची बतावणी करून घरात शिरणारे भामटे कसे ओळखावेत, यावर. पडद्यावर चित्रं दाखवली होती आणि शेवटी सूचनांचं कार्ड वाटलं होतं. आत्या पहिल्या रांगेत होती. तेव्हापासून ते कार्ड टेलिफोनच्या वर चिकटवलेलं होतं आणि आत्या भामट्यांची वाटच बघत होती.

"शाब्बास आत्या!" इलारिओ म्हणाला. "मग? काय म्हणाल्या त्या नखरंगवाल्या?"

"वाल्लोरानी इलारिओ घरात आहेत का, म्हणे! बघा, नावाची चौकशी करून आलेली. मी काय बधते? म्हटलं, इथे कुणी इलारिओ राहत नाही. तो चार वर्षं झाली तुरुंगात आहे, आणि सुटून आला ना, की तुमच्या तंगड्या मोडून हातात देईल."

इलारिओचा काटा ताट आणि तोंड यांच्या मध्येच थांबला.

"काय झालं? असे काय बघताय सगळे?" आत्याने विचारलं. "खारट झालंय?"

"आत्या," नोर्मा म्हणाली, "ते खरे होते."

"खरे कसे असतील? मारेशाल्लो परवा पत्ता बघायला आले होते, त्यांना मी ओळखत नाही का? कॉफी प्यायले माझ्या हातची. ही बाई मी जन्मात बघितली नव्हती."

"नवीन आली असेल. आत्या, इलारिओ घरात आहे की नाही हे बघायला आले होते ते. आणि तू सांगितलंस की तो इथे राहतच नाही!"

आत्याने डाव ट्रेमध्ये ठेवला. मग खुर्ची ओढून बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग बघून कुणाला तिला बोल लावावासा वाटला नाही.

"ऊठ," झेनोबाबा इलारिओला म्हणाले. काल सकाळपासूनचा हा तिसरा शब्द असेल. "ठाण्यात चल. आत्ताच्या आत्ता."

"तो कुठे जाणार?" गाउटे म्हणाला. "घराबाहेर पाऊल टाकलं तर मग खरंच घराबाहेर सापडेल."

"मग काय हातावर हात ठेवून बसू?"

"एव्हाना लिहून झालं असेल त्यांचं," इलारिओ म्हणाला. "'पत्त्यावर आढळला नाही.' जाऊ द्या. तुमचं जेवण निवतंय, बाबा."

आणि तो मांडीवरच्या रुमालाची घडी घालू लागला. कोपऱ्याला कोपरा जुळवून, नीट, सावकाश. आशा सोडून द्यायची त्याला सवय झाली होती, हे नोर्माला त्या घडीकडे बघून कळलं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

ती टेलिफोनकडे गेली. ठाण्याचा नंबर रविवारी दुपारी नुसताच वाजत राहिला. मग तिने एकशे बारा लावला.

"कातडीवाल्यांची गल्ली, चौदा?" पलीकडचा आवाज म्हणाला. "तुमची तक्रार मघाशीच नोंदवून घेतलीय, बाई. शोध चालू आहे."

"कसली तक्रार?"

"दोन तोतया काराबिनिएरी. चोरलेल्या गणवेशात. एक महिला, नखं लाल."

नोर्मा मागे वळली. "आत्या, तू एकशे बाराला फोन केलास?"

"केला तर!" आत्या बारीक आवाजात म्हणाली. "कार्डावर चौथी सूचना तीच आहे. गाडीचा नंबरसुद्धा दिला मी."

"हे बघा," नोर्मा फोनमध्ये म्हणाली, "ते तोतये नाहीत. खरेच काराबिनिएरी आहेत ते. त्यांना पकडू नका."

"बाई, तोतयांचे साथीदार नेमका असाच फोन करतात. तुमचं नाव सांगा."

*

वीस मिनिटांनी दारासमोर दोन गाड्या येऊन थांबल्या. पहिलीतून तो पोरगा आणि लाल नखांची बाई उतरली. टोपी हातात, तळव्यांना धूळ, आणि नाकाचा शेंडाही नखांइतकाच लाल. दुसरीतून शेजारच्या गावचे दोन काराबिनिएरी उतरले आणि ते आपले बूट बघत उभे राहिले.

घंटा वाजली. नोर्मा धावली, पण तीन कुलपं उघडून तिचा हात थांबला. चौथ्याची किल्ली आत्याच्या गळ्यात होती, आणि आत्या भिंगाला डोळा लावून उभी होती.

"आता चौघं झालेत," आत्या कुजबुजली. "मघाशी दोनच होते."

"आत्या, किल्ली दे."

"खरे असले तर उघडायलाच हवं, मला कळतं. पण खरे नसले तर? तू म्हणतेस म्हणून उघडायचं? तुला काय माहीत? तू भाषणाला आली नव्हतीस."

"दार उघडा!" बाहेरून आवाज आला. "मी हवालदार लोद्दो!"

"असाल हो," आत्या ओरडली. "थांबा जरा. विचारून घेते."

कार्डाच्या पाठीमागे मारेशाल्लोंचा स्वतःचा मोबाइल नंबर होता. त्या दिवशी त्यांनी तो द्यायला नको होता असं पुढे त्यांना अनेकदा वाटलं असेल. ते सासूकडे जेवायला बसले होते; फोनमधून ताटल्यांचे आवाज येत होते. आत्याने त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, तंगड्यांसकट.

"एर्सीलियाबाई," मारेशाल्लो म्हणाले, "उघडा दार. आमचीच आहे ती. पंधरा दिवसांपूर्वी सार्दिनियाहून बदलून आली."

"आणि नखं?"

मारेशाल्लोंनी काटा ताटलीवर ठेवल्याचा आवाज आला.

"नखांना परवानगी आहे, बाई."

आत्याने गळ्यातली किल्ली काढली.

लोद्दो आत आली, टेबलाच्या टोकाशी बसली आणि वही उघडली. झेनोबाबांनी पेला पुढे केला तो तिने हातानेच नाकारला.

"मला चौकात गाडीच्या टपावर हात टेकवून दहा मिनिटं उभं केलं होतं," ती म्हणाली. "माझ्याच लोकांनी. चर्चमधून लोक बाहेर पडत होते."

"अगं बाई गं," आत्या म्हणाली, आणि लोद्दोच्या पुढ्यात नकळत चार ऑलिव्हं वाढली.

"ते असो. बारा चाळीसला मी या दारावर होते. तेव्हा वाल्लोरानी इलारिओ कुठे होते?"

"न्हाणीघरात!" आत्या म्हणाली.

"इथे, माझ्यासमोर," झेनोबाबा त्याच क्षणी म्हणाले.

लोद्दोने एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं. "तुमच्यासमोर न्हाणीघरात?"

दारापाशी उभ्या शेजारगावच्या काराबिनिएरीला खोकला आला. गाउटेला खोटं बोलता यायचं नाही आणि वीस वर्षांत या घराने त्याला ते शिकवलंही नव्हतं. तो फक्त नोर्माकडे बघत होता. इलारिओही आता तिच्याकडे बघत होता, आणि मग त्याने नजर काढून घेतली.

नोर्मा गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तिला काही करावंच लागणार नव्हतं. अहवाल गेला असता, सुनावणी आपोआप बारगळली असती, सहीचा प्रश्नच उरला नसता. आणि दोष आत्याच्या कुलपांवर गेला असता, तिच्यावर नाही. गेले सहा महिने ती 'सही करणार नाही' म्हणत होती, आणि आता तेच फुकटात पदरात पडत होतं.

"मागच्या कारखान्यात होता," ती म्हणाली. "मी स्वतः बघितलं. यंत्र चालू होतं, म्हणून घंटा ऐकू आली नाही."

लोद्दोचं पेन थांबलं. "कारखान्याचा नंबर काय?"

"चौदा-अ."

"कागदावर चौदा आहे."

"अंगण एकच आहे हो!" आत्या म्हणाली.

"थांब आत्या. हो, कागदावर चौदा आहे. तो चौदा-अ मध्ये होता."

झेनोबाबांनी पेला जरा जोरातच खाली ठेवला. लोद्दोने वहीची मागची पानं चाळली आणि नोर्माकडे नीट निरखून बघितलं.

"तुम्ही बहीण ना? यांच्या फाइलमध्ये तुमचं एक पत्र आहे. अडीच वर्षांपूर्वीचं. पहिल्यांदा रजा मागितली तेव्हाचं. 'हा माणूस माझ्या घरात नको.'"

नोर्माचे कान तापले. हे पत्र तिने कुणाला न सांगता पाठवलं होतं. बाबांना वाटत होतं न्यायाधीशांनीच नाही म्हटलं. आत्या तर त्या न्यायाधीशांना अजून प्रार्थनेतून वगळत होती. आता दोघंही तिच्याकडे बघत होते, आणि तिला इलारिओकडे मान वळवायचं धैर्य होईना.

"मला माहीत आहे ते," इलारिओच म्हणाला. "फाइल आम्हालाही वाचायला मिळते."

"तू कधी बोलला नाहीस," नोर्मा म्हणाली.

"काय बोलणार? रेमिजिओ तुझ्या दारावरून जातो. माझ्या नाही."

हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, जसा मघाशी टाक्यांबद्दल बोलला होता तसा. नोर्माला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून ती भांडायच्या आवाजात लोद्दोकडे वळली.

"ते पत्र मीच लिहिलं होतं. तेव्हा खोटं लिहिलं नव्हतं आणि आता खोटं सांगत नाही. म्हणून आता मी सांगते ते तसंच्या तसं लिहा. चौदामध्ये आम्ही झोपतो. जगतो मागे. माझ्या आजोबांनी आधी कारखाना बांधला, मग उरलेल्या विटांत घर. माझा जन्म कातड्याच्या ढिगावर झाला, विचारा यांना. आज यांचा ऐंशीवा वाढदिवस आहे आणि यांनी मुलाला बाकावर बसवलं. तो कुठे पळून गेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो पळून न जाता तिथे बसला होता."

लोद्दो लिहीत होती. लिहिता लिहिता तिने एक ऑलिव्ह तोंडात टाकलं, आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

"मी चौदा-अ लिहिणार," ती म्हणाली. "ते मला लिहावंच लागेल. कुणी सांगितलं तेही लिहीन, आणि ज्या बहिणीने पूर्वी नको म्हणून लिहिलं तिनेच सांगितलं, हेही. न्यायाधीशांना त्याचं काय ते वाटेल." तिने दुसरं ऑलिव्ह उचललं. "तिथे काय करत होते ते?"

"काम."

"कुणाचं काम?"

नोर्माने इलारिओकडे बघितलं. त्याने रुमालाची घडी अजून हातात धरली होती.

"माझं," ती म्हणाली. "माझ्याकडे कामाला आहे तो. तसा कागद उद्या वकिलाकडे पोचेल."

गाउटेने डोळे मिटले आणि उघडले. आत्याने तोंडावर टेबलावरचाच रुमाल धरला. इलारिओच्या हातातली रुमालाची घडी सुटली.

"कामाला आहे," लोद्दोने लिहून घेतलं. "केव्हापासून?"

"आज साडेबारापासून."

"बारा वीस," झेनोबाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. म्हातारा ताटाकडेच बघत होता, पण आवाज कारखान्यातला होता.

"बारा वीसला बसला तो बाकावर. मी घड्याळ बघितलं होतं."

लोद्दोने साडेबारा खोडलं आणि बारा वीस लिहिलं.